रात्रपाळीतला रस्ता: बांधकाम-यंत्रांच्या आवाजाचा आढावा

महाराष्ट्रात ध्वनिप्रदूषणाचा विषय निघाला की बोलणे गणपतीतल्या डीजेवर, भोंग्यांवर, फार तर दिवाळीच्या फटाक्यांवर येते. रस्ता बांधणाऱ्या यंत्रांचा आवाज त्या यादीत बराच खाली असतो. तो काही महिने राहतो आणि काम पुढच्या गावाकडे सरकले की विसरला जातो. पण गेल्या दोन दशकांत चौपदरीकरण, बायपास, उड्डाणपूल आणि काँक्रीटीकरण यांची कामे एकामागून एक अशी लागली आहेत की, एक आवाज विसरायच्या आत दुसरा सुरू होतो. या प्रश्नावर कायदा, अभियंते, रहिवासी आणि यंत्रावरचे कामगार काय म्हणतात आणि गाडे कुठे अडले आहे, ते इथे मांडायचे आहे.

चाळीसगावकडून पाहताना

उदाहरणासाठी चाळीसगाव घेण्याला कारण आहे. सोलापूर–धुळे महामार्ग, म्हणजे पूर्वीचा २११ आणि आताचा ५२ क्रमांकाचा, कन्नडकडून औट्रम घाट उतरतो आणि चाळीसगाववरून धुळ्याकडे जातो. जळगावहून पाचोरा, भडगाव करत येणारा ७५३-जे क्रमांकाचा महामार्ग इथूनच नांदगाव-मनमाडकडे निघतो. मुंबई–भुसावळ लोहमार्ग गावातून जातो, धुळ्याची शाखा इथेच फुटते आणि जळगाव–मनमाड चौथ्या मार्गिकेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. रेल्वेचे मातीकाम आणि रस्त्याचे मातीकाम यांत यंत्रांच्या दृष्टीने फरक नाही. तीच पोकलेन, तेच हायवा, तोच व्हायब्रेटर रोलर.

जमिनीचाही इथे मोठा हात आहे. चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग म्हणजे कठीण काळा पाषाण. तो नुसत्या बकेटने निघत नाही, त्याला ब्रेकर लागतो किंवा सुरुंग. उत्तरेकडे गिरणेच्या खोऱ्यात काळी कसदार माती. ती कापसाला चांगली, पण रस्त्याला वाईट, कारण पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. म्हणून ती उकरून टाकायची, तिथे मुरूम भरायचा आणि थर देऊन दाबायचा. एका बाजूला ब्रेकरचा ठोका, दुसऱ्या बाजूला मुरूम वाहणाऱ्या हायवांच्या खेपा, असे दोन जातींचे आवाज एकाच तालुक्यात ऐकू येतात.

हातोड्यापासून ब्रेकरपर्यंत

खडी पूर्वी हाताने फुटायची. रस्त्याकडेला ढीग, डोक्यावर कापडाचा आडोसा आणि हातोडा घेऊन बसलेल्या बाया, हे दृश्य पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही आठवेल. डांबराचे पिंप लाकडाच्या जाळावर तापवायचे, मिश्रण घमेल्यांनी पसरायचे आणि आठ-दहा टनांचा तीन चाकी रोलर त्यावरून संथपणे पुढे-मागे फिरवायचा. तो रोलर आवाज करीत होता, पण अंधार पडला की उभा राहायचा. काम दिवसाचेच होते.

पुढे हॉट मिक्स प्लांट, पेव्हर, ग्रेडर आले आणि नुसत्या वजनाऐवजी कंपनाने दाबणारे रोलर आले. राष्ट्रीय महामार्ग विकास प्रकल्प १९९८ मध्ये सुरू झाल्यावर ही यंत्रे मोठ्या शहरांच्या परिघाबाहेर सर्वदूर पोचली. ठेक्यांमध्ये मुदत आणि विलंबाचा दंड आला, यंत्रांचे भाडे तासावर मोजले जाऊ लागले. तासाचे भाडे असलेले यंत्र उभे ठेवणे कोणालाच परवडत नाही. रात्रपाळीची सुरुवात बहुतेक ठिकाणी या हिशेबातून झाली. खानदेशात तिला आणखी एक कारण मिळाले, त्याकडे पुढे येऊ.

आवाज किती आणि कशाचा

अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने २००६ मध्ये रस्तेकामाच्या आवाजाचे एक गणिती प्रारूप प्रसिद्ध केले. बोस्टनच्या मोठ्या बोगदा-प्रकल्पात घेतलेली मोजमापे त्याच्या मुळाशी आहेत. त्यात सुमारे १५ मीटर अंतरावरचे आकडे दिले आहेत: डंपर ७६ डेसिबल, बॅकहो लोडर (आपला जेसीबी) ७८, रोलर ८०, पोकलेन ८१, डोझर ८२ आणि यंत्रावर बसवलेला ब्रेकर ९०. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागी साधारण ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे ब्रेकर ६० मीटरवर ७८, १२० मीटरवर ७२ आणि पाव किलोमीटरच्या आसपास ६६. शांत गावात रात्री याहून कितीतरी कमी आवाजाने माणूस जागा होतो.

या आकड्यांत एक अडचण आहे. लोकांना जे छळते ते इंजिन असतेच असे नाही. रिकामा हायवा खड्ड्यातून जाताना मागचा फाळका आदळतो, पोकलेनची चेन दगडावर किंचाळते, बकेट धोंड्यावर घासते. आणि रिव्हर्स घेतानाची ती टींटीं. इंजिनाचा आवाज नियमाने मोजतात, गाडी त्यात पास होते. मोठ्या ट्रकसाठी साडेसात मीटरवर ८० डेसिबलची कमाल मर्यादा आहे. फाळक्याची चाचणी मात्र कोणी घेत नाही.

दुसरी अडचण सरासरीची. आपले मानक एकेका ठोक्याला लागू नाही, ते ठरावीक काळाच्या सरासरीला लागू आहे. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. सोळा तासांच्या दिवसात एकच तास ६७ डेसिबलने ब्रेकर वाजला आणि उरलेले पंधरा तास पूर्ण शांतता असली, तरी सरासरी ५५ भरते. प्रत्यक्षात कोणत्याही वस्तीत पंधरा तास शांतता नसते. म्हणजे वस्तीपासून दोनशे मीटरच्या आत ब्रेकर लागला की दिवसाचे मानक बहुधा मोडतेच. अभियंते याच मुद्द्यावर बोट ठेवतात: हे मानक गावाच्या नेहमीच्या आवाजासाठी आहे, बांधकामाला ते लावले तर एकही काम कायदेशीर ठरणार नाही. हे म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नाही.

कायद्याची बाजू

मूळ चौकट म्हणजे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम. त्यांत चार प्रकारचे परिसर आहेत. औद्योगिक भागाला दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, व्यापारी भागाला ६५ आणि ५५, निवासी भागाला ५५ आणि ४५, शांतता क्षेत्राला ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात या नियमांना बळ दिले, पण त्या निकालाचा रोख मुख्यतः फटाके, ध्वनिवर्धक आणि हॉर्न यांच्यावर होता.

आपल्या विषयाचे खरे वळण जानेवारी २०१० चे. त्या दुरुस्तीने नियम ५-अ आला. आवाज करणारी बांधकाम-यंत्रे निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री वापरू नयेत, असे तो स्पष्ट सांगतो. इथे डेसिबल मोजायचीही गरज नाही. त्याच नियमात हॉर्नच्या मनाईला सार्वजनिक आणीबाणीचा अपवाद दिला आहे, बांधकाम-यंत्रांच्या कलमात तसा अपवाद लिहिलेला नाही. ३१ ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत औट्रम घाटात दरडी कोसळल्या आणि तितूर-डोंगरीच्या पुराने चाळीसगावात दाणादाण उडाली. अशा वेळी जेसीबी रात्री चालला म्हणून कोणी तक्रार करणार नाही. पण नियमाचा मसुदा किती सरसकट आहे, ते अशा प्रसंगी दिसते.

अंमलबजावणी जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षक दर्जाचा आणि त्यावरचा अधिकारी यांच्याकडे. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल, किंवा रात्रीच्या मनाईचा भंग होत असेल, तर नागरिक तक्रार करू शकतो. शिक्षेचे स्वरूप नुकतेच बदलले. जनविश्वास कायद्यातल्या दुरुस्त्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झाल्या आणि पर्यावरण कायद्यातील पाच वर्षांपर्यंतच्या कैदेच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला. काहींच्या मते यामुळे कारवाई सोपी होईल, कारण फौजदारी खटला उभा करावा लागणार नाही. काहींच्या मते मोठ्या ठेकेदाराच्या खर्चाच्या कागदात तो दंड एक ओळ होऊन बसेल. निष्कर्ष काढायला दोन वर्षांचा काळ अपुराच आहे.

यंत्राच्या बाजूने पाहिले तर पर्यावरण नियमांच्या परिशिष्टात रोलर, लोडर, काँक्रीट मिक्सर, क्रेन यांना कारखान्यातून निघतानाच ७५ डेसिबलची मर्यादा सांगितली आहे, आणि ती १९९३ च्या अखेरपर्यंत गाठायची होती. ती कागदावर किती राहिली आणि रस्त्यावर किती उतरली, हे दहा वर्षे राबलेल्या रोलरजवळ उभे राहिले की कळते. बांधकाम-वाहनांच्या धुराचे निकष मात्र खरोखर पुढे गेले: एप्रिल २०२१ मध्ये चौथा टप्पा, जानेवारी २०२५ पासून पाचवा. धुराच्या निकषांनी जेवढी गती घेतली, तेवढी आवाजाच्या निकषांनी घेतली नाही. इच्छा असली की काय होते याचा दाखला डिझेल जनरेटरचा आहे. २००२ मध्ये त्याला आवरणापासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा घातली आणि काही वर्षांत बाजारात झाकणबंद 'सायलेंट' जनरेटर सगळीकडे दिसू लागले.

अभियंता आणि ठेकेदार

त्यांचे म्हणणे तीन मुद्द्यांचे. काम तात्पुरते आहे. रात्री वाहतूक कमी असते, म्हणून चालू रस्त्यावर रात्री काम करणे वाहनांसाठी आणि मजुरांसाठी सुरक्षित. आणि लांबलेले काम हेही लोकांच्याच अंगावर येते: महिनाभराची धूळ आणि अर्धवट खोदलेला रस्ता तीन महिने राहतो.

चौथा मुद्दा खानदेशाचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. रस्ते मंत्रालयाच्या मानकांनुसार पेव्हिंगच्या जागी पोचणाऱ्या काँक्रीटचे तापमान ३० अंशांवर जाता कामा नये. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. खडी तापलेली, वाळू तापलेली, टाकीतले पाणी कोमट. बर्फ घालून, खडीवर पाणी मारून तापमान उतरवता येते, पण स्वस्त आणि खात्रीचा मार्ग एकच, काम रात्री करणे. शिवाय काँक्रीट ओतल्यावर ते पुरेसे आवळले की काही तासांतच कटरने सांधे कापावे लागतात, नाहीतर हवे तिथे तडे न जाता नको तिथे जातात. संध्याकाळी ओतलेल्या काँक्रीटचा कटर मध्यरात्रीनंतर चालतो, आणि कटरइतका टोकदार आवाज रोलरचाही नाही. एक सरकारी मानक काम रात्रीकडे ढकलते, दुसरा सरकारी नियम रात्री यंत्र बंद ठेवायला सांगतो. दोन्ही बाजू आपापल्या कागदाकडे बोट दाखवतात आणि दोन्ही बरोबर असतात. मजुराला बेचाळीस-पंचेचाळीस अंशांत दिवसभर उभे करणे हाही काही शांततेचा उपाय नाही.

रहिवासी

रहिवाशांचा आक्षेप रस्त्याला क्वचितच असतो. रस्ता हवाच असतो, ग्रामसभेत त्याची मागणीही झालेली असते. आक्षेप दोन गोष्टींना: कधी सुरू होणार आणि कधी थांबणार हे कोणी सांगत नाही, आणि तक्रार कोणाकडे करायची हे कळत नाही. पोलीस ठाण्यात फोन केला तर सरकारी काम आहे असे ऐकावे लागते. ध्वनिमापक यंत्र असलेच तर ते उत्सवाच्या बंदोबस्तासाठी असते. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उप-प्रादेशिक कार्यालय जळगावला, आणि तिथून अधिकारी येईपर्यंत रोलर पुढच्या गावी.

आरोग्याच्या बाजूने जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घराबाहेरच्या रात्रीच्या आवाजासाठी ४० डेसिबलची शिफारस केली. २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तिने रस्ते, रेल्वे, विमाने आणि पवनचक्क्या यांच्यावर शिफारशी दिल्या, बांधकामावर वेगळी नाही. वर्षानुवर्षे वाहतुकीच्या आवाजात राहणाऱ्यांच्या झोपेवर, रक्तदाबावर आणि हृदयावर काय होते याचा पुरावा भक्कम आहे. चार-सहा महिन्यांच्या बांधकाम-आवाजाने कायमचे काय होते, याचा पुरावा त्या मानाने विरळ. 'तात्पुरते आहे' हे वाक्य याच फटीत टिकून राहते. परीक्षेच्या दिवसांतला विद्यार्थी, नुकतीच बाळंत झालेली बाई किंवा दवाखान्यातला रुग्ण यांच्यासाठी सहा महिने तात्पुरते नसतात, हे रहिवाशांचे उत्तर.

केबिनमधला आणि केबिनबाहेरचा

या वादात ज्याचा आवाज सर्वांत कमी ऐकू येतो तो यंत्राच्या सर्वांत जवळ असतो. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत अतिरिक्त आवाज आणि कंपनापासून संरक्षणाची तरतूद होती, नोव्हेंबर २०२५ पासून हा सगळा विषय नव्या कामगार संहितेखाली गेला आहे. आपल्याकडच्या रूढ तक्त्यात ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार तास अशी मुभा आहे. अमेरिकेची नायॉश ही संस्था आठ तासांना ८५ सांगते आणि तिच्या हिशेबाने ९५ डेसिबलमध्ये पाऊण तासाहून थोडेच अधिक थांबावे. चार तास आणि पाऊण तास, तफावत एवढी आहे.

नव्या यंत्रांच्या बंद, वातानुकूलित केबिनमध्ये ऑपरेटर बराच सुरक्षित असतो. जुन्या जेसीबीत एसी नसतो, काचा उघड्याच राहतात. आणि ब्रेकरपासून दहा पावलांवर झेंडी घेऊन उभा राहणारा पोऱ्या, खडी पसरणाऱ्या बाया, कटर हातात धरणारा मजूर यांना केबिनच नाही. यातले बहुतेक परप्रांतातून किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले, ठेका संपला की पुढे जाणारे. ऐकू कमी येण्याची तक्रार दहा वर्षांनी उगवते, तेव्हा ती कोणत्या ठेक्याच्या नावावर टाकायची?

रिव्हर्स अलार्मचा वाद इथेच येतो. रहिवाशांना तो सर्वांत त्रासदायक वाटतो, कामगारांसाठी तो जीव वाचवणारा आहे. एका सुरातल्या टींटींऐवजी अनेक कंप्रतांचा मिळून खरखरणारा अलार्म परदेशात वापरात आहे. तो दूरवर कमी टोचतो आणि जवळच्याला दिशा नीट कळते. आपल्याकडच्या गाड्यांवर तो अजून दुर्मीळ आहे.

इतरांनी काय केले

जपानने १९६८ च्या ध्वनिनियंत्रण कायद्यात बांधकामाला वेगळे मानले. ठरावीक प्रकारच्या कामांना जागेच्या हद्दीवर ८५ डेसिबल, रात्री आणि रविवारी बंदी, दिवसाच्या तासांवर आणि सलग दिवसांवर मर्यादा, आणि आणीबाणीसाठी लिहिलेले अपवाद. आकडा आपल्यापेक्षा बराच सैल, पण पाळता येण्याजोगा. ब्रिटनमध्ये १९७४ च्या प्रदूषण नियंत्रण कायद्याखाली ठेकेदार काम सुरू होण्याआधीच पद्धत आणि वेळापत्रक सांगून स्थानिक संस्थेची संमती घेऊ शकतो. युरोपीय संघाने २००० च्या निर्देशाने उघड्यावर चालणाऱ्या यंत्रांवर हमीच्या ध्वनिशक्तीचा आकडा चिकटवणे सक्तीचे केले, त्यामुळे भाड्याने यंत्र घेणारा दोन यंत्रांची तुलना करू शकतो. ऑस्लो शहराने २०१९ मध्ये एका रस्त्याचे काम विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी केले आणि आजूबाजूच्या दुकानदारांना फरक जाणवला. विजेने इंजिनाचा आवाज जातो. ब्रेकरचा दगडावरचा ठोका जात नाही, आणि आपल्याकडे प्रश्न बराचसा दगडाचा आहे.

महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले प्रकरण मुंबई मेट्रो-३ चे. दक्षिण मुंबईतल्या रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रात्रीचे काम थांबवले आणि पुढच्या वर्षी अटींसह परवानगी दिली. यातून दोन्ही बाजूंनी आपल्याला हवा तो धडा घेतला: नियम ५-अ न्यायालयात टिकतो, आणि सार्वजनिक प्रकल्प मोठा असला तर वाकतोही. कफ परेडचा रहिवासी वकील उभा करू शकला, हेही लक्षात ठेवायला हवे. खानदेशात तसे प्रकरण क्वचितच न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाते. औट्रम घाटाबाबत औरंगाबाद खंडपीठाने २०२३ मध्ये जड वाहनांना बंदी घातली तीही कोंडी आणि अपघातांमुळे, आवाजामुळे नव्हे.

न सुटलेले

पहिला पेच परिसराच्या प्रकाराचा. नियम ५-अ निवासी भागाला लागू. महामार्गालगतची शेतातली वस्ती किंवा तांडा निवासी आहे का? परिसरांचे वर्गीकरण राज्याने करायचे असते, आणि शहराच्या विकास आराखड्याबाहेर ते बहुधा धूसरच राहते. शांतता क्षेत्राचेही तसेच. शाळा-दवाखान्यांभोवतीचे शंभर मीटर पूर्वी आपोआप शांत मानले जात, २०१७ च्या दुरुस्तीनंतर सरकारने तसे जाहीर करावे लागते.

दुसरा मोजमापाचा. उच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर राज्याने 'नीरी' या पर्यावरण-संशोधन संस्थेकडून २७ महापालिका शहरांचे ध्वनिमापन करून घेतले. त्यात जळगाव आणि धुळे आहेत. चाळीसगाव नगरपरिषद असल्याने त्यात नाही. मुळात किती आवाज होता हे माहीत नसेल, तर कामाने किती वाढवला हे सिद्ध करता येत नाही.

तिसरा, बांधकामासाठी जपानसारखे वेगळे मानक करावे का. पर्यावरणवादी गटांना भीती आहे की वेगळे म्हणजे सैल. काही अभियंत्यांनाही ते नको आहे, कारण आज मोडला जाणारा नियम कोणी तपासत नाही, पाळता येण्याजोगा नियम मात्र तपासला जाईल. मला यातला मधला मार्ग त्यातल्या त्यात व्यवहार्य वाटतो: दिवसासाठी हद्दीवरची वेगळी मर्यादा, आणि रात्रीची बंदी कायम ठेवून तिला लेखी, मुदतबंद, गावात फलकावर लावलेले अपवाद. मे महिन्यातले काँक्रीट त्या अपवादात बसेल, मुरमाच्या खेपा बसणार नाहीत. पण अपवाद देणारा अधिकारी आणि काम लवकर हवे असणारा अधिकारी एकाच कलेक्टर कचेरीत बसतो, याचे उत्तर या मार्गातही नाही.

चौथा, माणसांपलीकडचा. औट्रम घाट ज्या गौताळा अभयारण्याला लागून आहे ते १९८६ चे, सुमारे २६० चौरस किलोमीटरचे. तिथली रात्र बिबट्यांची आहे. ध्वनिनियमांतले चारही परिसर माणसाच्या वापराचे आहेत, जंगल त्यातल्या कुठल्याच खान्यात बसत नाही. वन्यजीव परवानग्यांच्या अटींत आवाज येतो, पण एकेका प्रकल्पापुरता.

औट्रम घाटात बोगदा करावा ही मागणी अनेक वर्षांची आहे. तो झाला तर हे सगळे प्रश्न एका ठिकाणी येतील, कारण बोगद्याचे खोदकाम सहसा रात्री थांबवत नाहीत: सुरुंग, दगड उचलणे, बाहेर टाकणे हे चक्र चोवीस तास चालते. खालच्या बाजूला बोढरे गाव आहे. निविदेच्या आधी तिथला दिवसाचा आणि रात्रीचा आवाज मोजायचा, की पहिली तक्रार आल्यावर, एवढे तरी आजच ठरवता येण्यासारखे आहे.